बुडालेल्या जहाजांवर भेटणारी अवाढव्य मंडळी

निळाई

मागच्या धाग्यात गाडी कॅमेऱ्यांवर घसरली आणि ‘जहाजावर डाइव्ह करताना एवढं मोठं धूड समोर आलं तर करायचं काय?’ हा मूळ प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. म्हणून हा वेगळा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. बुडालेल्या जहाजावर मोठा प्राणी दिसल्यावर जे काही बिघडतं, ते बहुतेक वेळा प्राण्यामुळे नाही, आपल्यामुळे बिघडतं. हवा भराभर संपते, खोलीचं भान सुटतं, बडी (सोबतचा जोडीदार डायव्हर) मागे राहतो आणि त्या प्राण्याचा बाहेर पडायचा रस्ता नेमका आपणच अडवून बसलेलो असतो.

हे प्राणी जहाजांवरच का जमतात? समुद्राचा तळ पुष्कळ ठिकाणी नुसती वाळू असतो. तिथे शंभर मीटरचं लोखंडी जहाज पडलं की ते ओसाड माळावरच्या एकुलत्या वडासारखं होतं. पत्र्यावर स्पंज, प्रवाळ, शिंपले धरतात. प्रवाह जहाजाच्या अंगावर आपटून वर चढतो, सोबत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणतो. त्यावर बारक्या माशांचे थवे, आणि थव्यांच्या मागावर मोठे. शिवाय पोटात अंधार आणि आडोसा. ग्रुपरसारख्या धिप्पाड माशाला दिवसभर पडून राहायला याहून बरी जागा कुठली?

ऑस्ट्रेलियातलं ‘योंगाला’ हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. २३ मार्च १९११ ला हे प्रवासी जहाज चक्रीवादळात सापडलं आणि १२२ माणसांसकट गेलं. एकही जण वाचला नाही. किनाऱ्याला लागला तो ‘मूनशाइन’ नावाच्या शर्यतीच्या घोड्याचा मृतदेह. जहाजाची ओळख पटायला १९५८ साल उजाडलं. १०९ मीटर लांब, तळ तीस मीटरच्या आसपास, भोवताली नजर जाईल तिथवर वाळू. क्वीन्सलँड ग्रुपर, बुल शार्क, मोठमोठी पाकटं (स्टिंगरे), कासवं, समुद्रसाप, सगळे त्या एका जहाजावर दाटीवाटीने राहतात. आत शिरायला बंदी आहे, आणि ती बंदी मला मनापासून आवडते. माणसं बाहेर, मासे आत. आपल्या बुडबुड्यांची हवा छताला साचून पत्रा गंजतो, हेही त्या बंदीमागचं एक कारण.

तिथे मला दिसलेला ग्रुपर जहाजाच्या सावलीत नुसता तरंगत होता. माझ्याहून लांब, आणि घेराबद्दल तर बोलायलाच नको. एक डोळा वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं, बाकी अंग हललं नाही. त्याच्या तोंडाच्या अगदी पुढ्यात पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेली ट्रेव्हॅली माशाची बारकी पिल्लं पोहत होती. तोंड उघडलं की एका घोटात गेली असती, पण तो त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. दुसरा कोणी शिकारी एवढ्या जवळ यायची हिंमत करत नाही, म्हणून पिल्लं तिथेच राहतात.

तर येऊ द्या तुमचेही अनुभव. आणि मतं. मतं तर येणारच.

पाणकोंबडा

झकास धागा. माझं मत बालीच्या तुलांबेनला. ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, ओढत ओढत किनाऱ्यावर आणून टेकवलं, आणि मग ते वीसेक वर्षं तिथेच पडून राहिलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा त्या हादऱ्यांनी ते सरकून पाण्यात गेलं. म्हणजे आधी युद्धाने मारलं, मग डोंगराने बुडवलं. आता किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरलं की काही मिनिटांत जहाज.

तिथे पहाटे उजाडायच्या आत उतरावं. बंपहेड पॅरटफिशचा कळप रात्री जहाजात झोपायला येतो. एकेक मासा मीटरभराहून मोठा, कपाळावर टेंगूळ, पुढे आलेले दात. उजेड पडायला लागला की एक हलतो, मग दुसरा, आणि मग सगळा कळप एका रांगेत बाहेर. प्रवाळ चावल्याचा ‘कड्डं, कड्डं’ आवाज स्पष्ट ऐकू येतो. थोड्या वेळाने शेपटीखालून पांढऱ्या वाळूचा धूर. खाल्लेल्या प्रवाळाचीच ती वाळू.

गैरसोय एकच. हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्यामुळे पहाटे माशांपेक्षा टॉर्च जास्त दिसतात, आणि झोपलेल्या माशाच्या डोळ्यात झोत मारणारे महाभाग असतातच.

बिनपाण्याचा_मासा

मी कमरेएवढ्या पाण्यापुढे कधी गेलो नाही, तरी वाचतोय. एक बाळबोध शंका. हे सगळे ‘माझ्याहून मोठा’, ‘गाडीएवढा’ असं सांगतात, ते खरंच तेवढे असतात की मासेमाराच्या गप्पांसारखं?

गणिती_डोकं

बाळबोध नाही, नेमकी शंका आहे. पाण्यातून सपाट काचेच्या मास्कमध्ये प्रकाश शिरताना वळतो, त्यामुळे वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. म्हणजे २.४ मीटरचा मासा ३.२ मीटरचा वाटणार, आणि चार मीटरवरचा तीनवर आल्यासारखा. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला दिसलेलंच तो सांगत असतो.

निळाई म्हणतात त्या हवेचाही हिशोब मांडतो. १२ लिटरची टाकी, आत २०० बार दाबाने भरलेली हवा, म्हणजे २४०० लिटर. राखीव ५० बार बाजूला काढले की उरले १८००. तीस मीटरवर दाब वरच्या चौपट. वर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस तिथे ८० घेतो. झाली साडेबावीस मिनिटं. आता समोर शार्क आला, श्वास दुप्पट झाला. उरली सव्वाअकरा. शार्कने काहीही केलेलं नाही, तो नुसता आला आणि गेला. शिवाय ही दोन्ही गणितं वर यायला लागणारी हवा न धरता केलेली आहेत.

फिनवाला

शिकवणं हाच माझा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

उघड्या पाण्यात मोठा प्राणी आणि जहाजावर मोठा प्राणी यांत मूळ फरक भिंतींचा आहे. उघड्यावर त्याला नको वाटलं तर तो कुठल्याही दिशेने निघून जातो. जहाजात त्याला एक किंवा दोनच वाटा असतात, आणि डायव्हर हमखास दारातच थांबतो, कारण तिथून फोटो चांगला येतो. ग्रुपर, झोपलेलं कासव, नर्स शार्क, कोणीही दचकलं की उजेडाकडे सुटतं. उजेड म्हणजे दार. दारात तुम्ही. हा हल्ला नसतो, पण दीडशे किलोचं कासव छातीवर आदळलं तर रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारी तोंडातली नळी) तोंडात राहील याची खात्री नाही. जाता जाता शेपटीच्या एका फटक्याने गाळ उडतो, आणि मग तुम्हाला स्वतःचा हातही दिसत नाही.

म्हणून दारात थांबायचं नाही, बाजूला व्हायचं. आत डोकावायच्या आधी टॉर्च कडेने फिरवायचा, थेट मधोमध मारायचा नाही. आत कोणी आहे असं कळलं तर ती खोली त्याची. आपण पुढे.

आत जायची तयारीच वेगळी. दोरीचं रीळ, एकापेक्षा जास्त टॉर्च, आणि हवेचा तिसऱ्या हिश्शाचा नियम: एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. रिक्रिएशनल (हौशी डायव्हरांच्या) शिक्षणात सर्वसाधारण मर्यादा अशी की खोली आणि आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या वर जायचं नाही आणि बाहेरचा उजेड नजरेआड होऊ द्यायचा नाही. माशाच्या मागे जाताना हे सगळं विसरलं जातं. माझ्यासमोर एक जण ग्रुपरच्या मागे इंजिनरूममध्ये वळला तेव्हा मी टाकीवर टॉर्च आपटून आपटून त्याला थांबवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणतो, ‘अहो, तो मला बोलावत होता.’

पाकटाचं वेगळं. जहाजाच्या कडेला वाळूत अर्धवट पुरून बसतात. त्यांच्या वरून जायचं नाही, मागून तर मुळीच नाही. वर सावली पडली की त्याला शिकारी आल्यासारखं वाटतं, आणि काटा शेपटीवर असतो, तो वर फिरतो. २००६ मध्ये प्राण्यांवरच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे गाजलेले ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह अर्विन गेले ते उथळ पाण्यात, पाकटाच्या जवळ चित्रीकरण करताना. पाकटाला पुढची बाजू मोकळी ठेवा, तो आपणहून जातो.

शार्कबद्दल एवढंच की अंगाची ठेवण वाचायला शिका. ग्रे रीफ शार्क चिडला की आधी सांगतो. पाठ कमानदार होते, छातीचे पर खाली झुकतात, नाक वर, आणि सगळं अंग गरजेपेक्षा जास्त डोलवत पोहतो. हे दिसलं की फ्लॅश मारत बसू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका. घाईने वर पळणं सगळ्यात वाईट. त्यात शार्कही बिथरतो आणि तुमची फुप्फुसंही.

शंकासुर

छान. पण मला या ‘प्राणी बिचारा, माणूस दोषी’ सुराची जराशी ॲलर्जी आहे. ‘शार्क दिसला की मेलो’ ही एक अंधश्रद्धा, आणि ‘तो काहीच करत नाही’ ही तिची जुळी बहीण.

फ्लोरिडाच्या जहाजांवर भाला घेऊन उतरणाऱ्यांना विचारा. गोलायथ ग्रुपर त्यांच्या भाल्यावरचा मासा खेचून नेतो, आणि मासा कमरेला अडकवला असेल तर कंबरही सोबत जाते. थंड पाण्यातल्या जहाजांवर सील आपल्या पायातल्या फिन्स (पोहायचे रबरी पंख) चावतात. गंमत वाटते, पण ग्रे सीलचा नर तीनशे किलोच्या घरात जातो, आणि सील चावून होणारा ‘सील फिंगर’ नावाचा जंतुसंसर्ग नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, टेट्रासायक्लिनच लागतं. अटलांटिकच्या जहाजांवर पाइपात राहणारी काँगर वाम माणसाहून लांब होते. भोकात हात घालणाऱ्याला ती निरुपद्रवी आहे हे समजावून सांगायला ती थांबत नाही.

आणि जिथे खाऊ घालून मासे ‘माणसाळवलेत’ तिथे निळाईबाईंचा सिद्धांत मोडतो. तिथला मोठा मासा तुमच्याकडे येतो तो तुमच्या हातासाठी.

निळाई

शंकासुर, सिद्धांत मोडला कुठे? भाल्यावर मासा लावून फिरणं, भोकात हात घालणं, खाऊ घालणं, हे सगळं कोणी केलं? ;)

पण सीलचं मान्य. त्यांना आपली भीतीही नसते आणि कुतूहल मात्र भरपूर असतं. खाऊ घालण्याबद्दल तर शंभर टक्के. असं करणारा गाईड दिसला तर पुढच्या वेळी दुसरी बोट पाहा.

आता गोलायथचा विषय काढलाच आहात तर सांगते. फ्लोरिडाच्या जुपिटर भागात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हे ग्रुपर अंडी घालायला बुडालेल्या जहाजांवर जमतात. एरवी एकटे राहणारे, अडीच मीटरपर्यंत वाढणारे मासे डझनांनी एका जागी. मी खाली उतरत होते तेव्हा काही दिसायच्या आधी आवाज आला. आवाज म्हणायचं खरं, पण तो कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त कळला. धम्म! पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ते तो काढतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो, त्यामुळे कुठून आला ते आपल्या कानांना उमगत नाही. मी तीनदा मान वळवली. तो माझ्या बरोब्बर खाली होता, डोक्याने माझ्याकडे वळलेला, गालफडं फुगवून. तो आवाज म्हणजे ‘पुरे, इथवरच’. मी दोन मीटर मागे गेले. तोही परत आडवा झाला.

किनारा_पल्याड

गोलायथची संख्या किती खाली गेली होती ते नव्या लोकांना ठाऊक नसतं. १९९० मध्ये फ्लोरिडाने मासेमारी पूर्ण बंद केली म्हणून आज ही दृश्यं दिसतात. २०२३ पासून सोडत काढून मोजक्या परवान्यांवर लहान मासे पकडायला पुन्हा मुभा दिली, त्यावर तिथे डायव्हर आणि मासेमार यांची जुंपलेलीच आहे. मी डायव्हरांच्या बाजूने. जिवंत मासा पाहायला माणसं वर्षानुवर्षं पैसे देतात, मेलेला एकदाच विकला जातो.

मुद्दाम बुडवलेल्या जहाजांबद्दलही बोला कोणीतरी. पेन्साकोलाजवळ १७ मे २००६ ला ‘ओरिस्कनी’ ही अख्खी विमानवाहू नौका बुडवली. तिच्यावर डाइव्ह करताना सगळे खाली डेककडे बघत असतात आणि व्हेल शार्क किंवा मांटा (पाकटाचा अवाढव्य भाऊबंद) डोक्यावरून जातो. सगळे मोठे प्राणी जहाजातच नसतात, काही जहाजाच्या वरच्या निळ्या पाण्यात असतात. वर येताना सेफ्टी स्टॉपला, म्हणजे सुरक्षेसाठीच्या थांब्याला, पाच मीटरवर तीन मिनिटं दोरी धरून कंटाळण्यापेक्षा बाहेर बघत राहा.

शंकासुर

जहाज बुडवून ‘निसर्ग निर्माण केला’ म्हणणाऱ्यांना माझा सवाल जुनाच आहे. मासे वाढले की आजूबाजूचेच एका जागी गोळा झाले? गोळा झाले असतील तर मासेमाराला पत्ताच देऊन ठेवला की.

किनारा_पल्याड

दोन्ही होतं, आणि प्रमाण जागेवर ठरतं. म्हणूनच जहाज बुडवलं तर त्याच्याभोवती मासेमारीला बंदी हवी असं माझं मत. नुसतं बुडवून फीत कापली तर तुमचं म्हणणं खरं.

निळाई

यात एक भर. नॉर्थ कॅरोलायनाच्या समोर दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांची रांगच आहे, आणि तिथे सँड टायगर शार्क राहतात. मार्च १९४२ मध्ये बुडालेलं ‘कॅरिबसी’ त्यासाठी प्रसिद्ध. डायव्हरांनी वेगवेगळ्या वर्षी काढलेले फोटो शास्त्रज्ञांनी ताडून पाहिले. प्रत्येक शार्कच्या अंगावरच्या तपकिरी ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, त्यावरून ओळख पटते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही माद्या महिन्यांनी, काही तर वर्षांनी त्याच जहाजावर परत आलेल्या आढळल्या. म्हणजे योगायोगाने गोळा झालेली गर्दी म्हणून त्यांना मोडीत काढता येत नाही. मधल्या काळात कुठे कुठे फिरून त्या ठरलेल्या पत्त्यावर येतात.

दिसायला भयंकर. तोंड मिटलं तरी वेडेवाकडे दात बाहेर. स्वभावाने मात्र संथ. पृष्ठभागावर जाऊन हवा गिळतात आणि ती पोटात धरून पाण्यात अधांतरी राहतात. या दातांपायी ऑस्ट्रेलियात यांना माणूसखाऊ ठरवून भाल्यांनी मारलं. शेवटी १९८४ मध्ये न्यू साउथ वेल्सने कायद्याने संरक्षण दिलं, जगात शार्कला मिळालेलं ते पहिलं संरक्षण.

यांच्याजवळ गेलात तर एक ध्यानात ठेवा. दचकला तर शेपटी एवढ्या जोरात फटकारून वळतो की पाण्यात बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. तो आवाज म्हणजे तो तुमच्यापासून पळतोय. पण तुम्ही ते कळायच्या आत टाकीतली बरीच हवा ओढलेली असते. (गणिती भाऊ, हिशोब तुमच्याकडे.)

गणिती_डोकं

सव्वाअकरा मिनिटं धरा आणि दोरीकडे निघा.

आळशी_कासव

जहाजावरच्या ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटते तिचा इथे उल्लेखच नाही. जाळी. मासेमारांची जाळी आणि नायलॉनची दोरी जहाजाला अडकून तुटतात आणि तिथेच वर्षानुवर्षं मासे मारत राहतात. जुन्या तंगूसचा धागा अंधारात दिसत नाही, तुमच्या टाकीच्या व्हॉल्व्हला आधी कळतो.

जाळ्यात अडकलेलं जिवंत कासव दिसलं तर? मी विचारते आहे, कारण माझ्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत.

फिनवाला

कासवाला हवा लागते, त्यामुळे घाई आहे हे खरं. लहान कासव, एकच धागा, हातात लाइन कटर, पाठीशी बडी आणि हवा भरपूर, असं असेल तर पुढचे पर सांभाळून धागा अंगाच्या जवळ कापा आणि लगेच लांब व्हा. ते सुटलं की थेट वर जाणार, तुम्ही मध्ये नको. मोठं जाळं किंवा मोठा प्राणी असेल तर हात लावू नका. जागा आणि खोली टिपा, वर या, बोटीवरून तिथल्या बचाव करणाऱ्यांना कळवा. धडपडणारं जाळं माणसालाही आत ओढतं. दोन तटांपैकी कापा म्हणणाऱ्यांना विचारा, कटर आहे का जवळ? निम्म्यांकडे नसतो.

पाणकोंबडा

माझ्याकडे आहे. गंजलाय. आज धार लावतो.

बिनपाण्याचा_मासा

निळाईताई, सुरुवातीला समुद्रसाप म्हणालात आणि पुढे गेलात. माझी झोप तिथेच उडाली. त्याचं काय? विषारी ना?

निळाई

हो, चांगलाच. योंगालावरचा ऑलिव्ह समुद्रसाप दीड-दोन मीटर होतो, आणि सरळ तुमच्याकडे पोहत येतो, फिनला विळखासुद्धा घालतो. ग्रेट बॅरियर रीफवरच्या निरीक्षणांवरून २०२१ मध्ये एक शोधनिबंध आला. त्यांचा निष्कर्ष असा की हे बहुतांशी विणीच्या काळात होतं आणि अंगावर येणारे बहुतेक नर असतात. मादीचा पाठलाग करताना मादी नजरेआड होते, आणि पाण्यात याला लांबचं धड दिसत नाही, त्यामुळे तो डायव्हरलाच मादी समजतो. तुम्ही पळालात की त्याची खात्रीच पटते, कारण मादीही पळतेच.

उपाय त्या निबंधातच आहे. हलायचं नाही. त्याला जवळ येऊन जीभ लावून तपासू द्यायचं. आपण त्याची बायको नाही हे त्याला चवीवरून कळतं आणि तो निघून जातो.

पाणकोंबडा

आणि नाही कळलं तर?

निळाई

तर फिन सोडवायला हाताने ओढू नका, एवढंच. फटकाराल तर चावायला कारण मिळेल.

बिनपाण्याचा_मासा

मी कमरेएवढ्या पाण्यातच बरा. धागा मात्र चालू ठेवा.